वच्छलाबाईची इंग्रजी कॅसेट

वच्छलाच्या टेपमध्ये जी कॅसेट अडकली ती अडकलीच. टेप तिने जुनाच घेतला होता आणि कॅसेट आधीपासून त्याच्या पोटात होती. मिलिटरीतल्या एका साहेबाची पुलगावहून बदली झाली होती. बदली झाली की ते लोक पलंग, कूलर, सायकल, फुलझाडांच्या कुंड्यासुद्धा विकून टाकतात. आमच्या नाचणगावात कितीतरी घरांत अशा साहेबांच्या खुर्च्या आहेत. वच्छला गेली होती पलंग पाहायला आणि आली टेप घेऊन.

घरी येऊन तिने बटण दाबलं तर आतून धडाधड ढोल वाजले आणि एक बाप्या किंचाळायला लागला. इंग्रजी गाणं. मी भिंतीपलीकडे राहत होते. मला वाटलं, कोणाला विंचू चावला. पळत गेले तर वच्छला टेपसमोर उकिडवी बसून झाकण उघडायच्या नादात होती. झाकण निघेना. चाकू घालून पाहिला, नखं तुटली, झाकण जागचं हललं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पुलगावला मिस्त्रीकडे गेलो. त्याने टेप उलटा केला, सुलटा केला.

"बाई, झाकन तोडा लागते. तोडलं तं कॅसेट निघन, पन मंग मशीन चालन का नाई, गॅरंटी नाई."

"आता चालू हाय ना?"

"चालू हाय."

"मंग काऊन तोडतं?" असं म्हणून तिने टेप काखेत मारला आणि निघाली. रस्त्यात मी म्हटलं, अगं, जन्मभर हेच ऐकशील का? ती म्हणाली, "ताई, नवरा तरी मी कुठं ऐकून केलता?"

वच्छला अशी होती. काळी, उंच, हाडापेराने मोठी, आणि बोलणं कोयत्यासारखं. चार बायकांत बसली तरी ती कोणाच्या चुगलीत भाग घेत नसे, पण तोंडावर जे बोलायची त्यापेक्षा चुगली बरी. माझ्या स्लॅबवर ती पापड वाळवायची. त्याबद्दल तिने कधी आभार मानले नाहीत. उलट कबुतर घाण करून गेलं तर मलाच विचारायची, "ताई, तुमच्या घरी कोनी हाकलाले नाई का?"

तिचा नवरा मधुकर जिनिंगमध्ये कामाला होता. कापसाच्या दिवसांत आर्वीला जायचा. एका वर्षी कापूस संपला तरी तो आला नाही. मग कळलं, तिकडे एका बाईसोबत राहतो. वच्छला त्या वेळी रडली असेल तर मला माहीत नाही. मला दिसलं ते एवढंच की तिने पापडाचं काम सुरू केलं. तिची मुलगी रेखा तेव्हा माझ्या लहान मुलाच्या वर्गात होती. त्या पोरीला टायफॉइड झाला. सेवाग्रामला भरती केलं. आर्वीला निरोप पाठवला, पुन्हा पाठवला. मधुकर आला नाही. वच्छला एकटी पोरीच्या पायथ्याशी बसून राहिली. पोरगी बरी होऊन घरी आली तेव्हा वच्छलाने दाराची चौकट पुसता पुसता मला सांगितलं, "ताई, आता तो या घरात नाई येनार." शपथ नाही, शिव्या नाहीत. बाजारातून काय आणायचं नाही ते सांगावं तसं सांगितलं. पुढे सारी वर्षं ती या एकाच गोष्टीसाठी पाय रोवून उभी होती. बाकी सगळ्यात ती कमीजास्त करायची, यात नाही.

आता कॅसेटचं सांगते. ती पापडाच्या कामाला कशी आली ते.

उडदाचं पीठ घट्ट भिजवावं लागतं, मग ते कुटावं लागतं. सपाट दगडावर गोळा ठेवायचा, दोन बायकांनी समोरासमोर उभं राहून मुसळाने आळीपाळीने मारायचं, आणि तिसरीने खाली बसून, हाताला तेल लावून, दोन माराच्या मधल्या फटीत गोळा उलटवायचा. मार चुकला की तिसरीचा हात गेला. म्हणून ताल लागतो. आमच्या आया कांडताना ओव्या म्हणायच्या. आम्हाला त्या अर्ध्या येत होत्या, अर्ध्या विसरलो होतो, आणि ओवी अडली की मुसळही अडायचं. एकदा आमच्यातल्या गोदीचं बोट असंच चेचलं.

त्या दिवशी वच्छलाने टेप बाहेर आणून ओट्यावर ठेवला. "गानं कोनाले नाई समजत तं नाई समजत," म्हणाली, "तो ढोलवाला चुकत नाई. त्याच्या मागं मारा."

खरंच तो चुकत नव्हता. आम्ही आधी हसत होतो, मग हसणं बंद झालं आणि काम व्हायला लागलं. गाणी नेहमी त्याच क्रमाने येणार, म्हणून कामही त्या क्रमाला बसलं. पहिली दोन धडाक्याची, त्यात गोळा फुटायचा. तिसरं धावतं, त्यात नवीन बाईने मुसळ धरायचं नाही असा वच्छलाचा नियम होता. मग एक रडकं गाणं यायचं. त्यात तो बाप्या एकटाच हळू आवाजात कोणाला तरी विनवत असायचा. ते लागलं की मुसळं टेकवून पाणी प्यायचं. बाजू संपली की आत खट्ट व्हायचं आणि दुसरी बाजू आपोआप सुरू. दुसऱ्या बाजूला आम्ही लाटायला बसायचो. गाण्यांना नावं आम्हीच दिली होती. पहिलं, दुसरं, धावतं, रडकं, घंटीवालं. एक होतं त्याला "सासू" म्हणायचो, कारण ते संपलं संपलं वाटायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं.

गावात बोलणं झालंच. मंदिराच्या भजनातले एक बुवा एक दिवस वच्छलाच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "वच्छलाबाई, हे इंग्रजी गाने चांगले नसतात. पोरीबाळी बिघडतात."

"काय म्हनते तो गान्यात?" वच्छलाने विचारलं.

"आता मले काय मालूम?"

"मले बी नाई मालूम. इथं कोनालेच मालूम नाई. मंग बिघडन कोन, महाराज?"

बुवा गेले. पुढे त्यांच्या घरच्या लग्नाचे पापड वच्छलाकडूनच गेले.

रेखा लग्नाच्या वयाची झाली तसे मधुकरचे भाऊबंद जागे झाले. देवराव म्हणजे वच्छलाचा दीर. माणूस वाईट नव्हता, पण चार लोक काय म्हणतील या एका धाकावर जगणारा होता. तो एका सकाळी भावकीतले दोन म्हातारे घेऊन आला. समेट करायचा होता. मधुकरला परत घरात घ्यावं, पोरीच्या लग्नात बाप उभा राहिलेला बरा दिसतो, असं त्यांचं म्हणणं. आम्ही बायका नुकत्याच मुसळं घेऊन उभ्या होतो. वच्छला दगडाजवळ बसली होती, हात तेलाने माखलेले.

"वहिनी, बसा थोडं. बोलाचं हाय."

"बसलीच तं हावो, भाऊजी. बोला. कान मोकळे हायेत, हात मोकळे नाई."

देवरावाने सुरुवात केली. वच्छलाने मनगटाने टेपचा आवाज वाढवला आणि आम्हाला मान हलवून खूण केली. आम्ही मारायला लागलो.

"भाऊ म्हनते, झालं गेलं इसरून जाऊ!"

"काय?"

"इसरून जाऊ म्हनते!"

"कोन म्हनते?"

"भाऊ! मधुकरभाऊ!"

"जोऱ्यानं बोला, भाऊजी, मुसळाचा आवाज हाय!"

मुसळाचा आवाज होता हे खोटं नव्हतं. देवराव ओरडून ओरडून लाल झाला. "पोरीचं लग्न", "बापाची जागा", "समाज" असे शब्द गल्लीला ऐकू जायला लागले तेव्हा तो स्वतःच लाजून गप्प झाला. असल्या गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत. म्हाताऱ्यांपैकी एकाने हाताने त्याला थांबवलं. गाणं संपू दे, मग बोलू. ते खाटेवर बसून राहिले. एक गाणं संपलं. म्हातारा घसा खाकरून "हे पाहा बाई" म्हणेपर्यंत दुसरं सुरू. रडकं लागलं तेव्हा बोलता आलं असतं, पण त्या दिवशी वच्छलाने पाण्यालाही थांबू दिलं नाही. बाजू संपली, आत खट्ट झालं, म्हाताऱ्याचा चेहरा खुलला, आणि दुसऱ्या बाजूचे ढोल सुरू झाले.

"हे संपत नाई का?" त्याने मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "उलटून पालटून तेच येतं."

तो उठला, चप्पल घातली. मागोमाग देवराव. चहाही कोणी विचारला नाही. ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाल्यावर वच्छलाने आवाज कमी केला. "कान बसले माये," म्हणाली, आणि आम्ही सगळ्या मुसळं टाकून हसलो. ती हसली नाही. तिने गोळा चाखून पाहिला आणि पापडखार कमी आहे म्हणून कोणाला तरी बोलली.

रेखाचं जुळलं ते वर्ध्याच्या मुलाशी. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मुलगा आला. शिकलेला, साधा. ओट्यावर टेप सुरू होता, बंद करायचं कोणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. तो दारातच थांबला, गाणं ऐकलं आणि म्हणाला, "ही कॅसेट तुमच्याकडे कशी?" होस्टेलला असताना त्याने ही गाणी ऐकली होती. त्याने त्या गाणाऱ्या पार्टीचं नावही सांगितलं. मला ते तेव्हाही म्हणता आलं नाही. तो म्हणाला, ही एका कॅसेटची गाणी नाहीत. त्या लोकांनी पुष्कळ वर्षं पुष्कळ कॅसेटी काढल्या आणि त्यांतली जी जी सगळ्यात चालली ती निवडून ही एक बनवली.

वच्छला त्याच्यासमोर पोह्यांची बशी ठेवत होती. थांबली. एवढी वर्षं ती गाणी ऐकून तिने त्यांच्याबद्दल काही विचारलं असेल तर ते हे.

"म्हनजे निवडेल हायेत?"

"हो."

"मंग बाकीचे कुठं हायेत?"

"बाकीची त्या जुन्या कॅसेटींत. ती कोणी फारसं ऐकत नाही."

"आमचं बी तसंच हाय, जवाईबापू," वच्छला म्हणाली. "चांगले गोल गोल गिऱ्हाइकाले. फुटके घरी. एवढ्या वर्सांत रेखीनं गोल पापड खाल्ला नसन." मग पोराकडे पाहून म्हणाली, "तुमच्याकडं खाऊ देजा."

नंतर मीच तिला म्हटलं, पोरगा होकार देऊन बसला होता म्हणून बरं, नाहीतर असं बोलतात का पाहुण्यांसमोर? ती म्हणाली, "काऊन? खोटं हाय का?"

लग्नात कन्यादान माझ्या नवऱ्याने आणि मी केलं. जोडीने बसावं लागतं म्हणून. मधुकर आला होता. पांढरा सफारी घालून, केस काळे करून, मांडवाच्या कडेला उभा. कोणीतरी बोलावेल याची वाट पाहत. देवरावाने वच्छलाकडे पाहिलं. वच्छलाने वाढणाऱ्या पोरांना हाक मारली, "अरे, आर्वीचे पाव्हने उभे हायेत. त्यायले बसवा पंगतीले. जिलेबी वाढा." मधुकर पंगतीत बसला. जेवला. वच्छला स्वतः जिलेबीचं ताट घेऊन त्या ओळीतून गेली, सगळ्यांना आग्रह केला तसा त्यालाही केला. तो मान खाली घालून "पुरे" म्हणाला. जेवून तो पाहुण्यांच्याच गाडीने परत गेला. तिने त्याला घालवलं नाही आणि आतही घेतलं नाही. हे कसं करायचं ते मला जमलं नसतं. मी ताट त्याच्या डोक्यावर उलटं केलं असतं.

पुढे आम्ही म्हाताऱ्या झालो. मुसळ मारणाऱ्या बायका बदलल्या, गोदीची सून यायला लागली. टेपही म्हातारा झाला. गाणारा बाप्या सर्दी झाल्यासारखा जड बोलायला लागला आणि ढोल मागे पडायला लागले. वच्छला म्हणायची, बरं झालं, आपले हातही तेवढेच चालतात.

मग तो दिवस. उन्हाळ्याची सुरुवात होती, कामाची गर्दी होती. अंगणात एका चादरीवर पापड वाळत होते, दगडावर नवा गोळा होता. गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. तीत पाच-सहा माणसं बसली होती. देवराव एकटाच उतरून आला, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. तो ओट्यावर येऊन उभा राहिला. वच्छलाने त्याच्याकडे पाहिलं आणि या वेळी स्वतःच टेप बंद केला.

"वहिनी, भाऊ गेला."

मुसळं हातातच राहिली. आम्ही सगळ्या वच्छलाकडे पाहत होतो, आणि खरं सांगायचं तर गोळ्याकडेही. ज्या घरात सुतक त्या घरचा पापड कोणी घेत नाही. नवरा मेला म्हणजे बायकोला सुतक. ती उठून डोक्यावरून पाणी घेती तर भिजवलेलं पीठ, वाळत घातलेले पापड, सगळं फेकावं लागलं असतं. आणि तेवढंच नाही. तो इतकी वर्षं या घराबाहेर होता, तो त्या एका आंघोळीने नवरा म्हणून आत आला असता.

"कवा गेला?" तिने विचारलं.

"पाहाटे. चाला तुम्ही. जीप आनली. तुमच्याबिगर उचलता येत नाई. बांगड्या, कुंकू... लग्नाच्या बायको तुम्ही हा."

"जवळ कोन होतं?"

"ते... ते बाई होती."

"बिमार होता का?"

"दोन वर्सं अंथरुनावर होता. लकवा."

"हागनंमुतनं कोनं काढलं?"

देवराव इकडेतिकडे पाहायला लागला. "तिनंच. दुसरं कोन काढन?"

"मंग बांगड्या तिच्याच फोडा."

"वहिनी, ते लग्नाची नाई!"

"असं कसं? लग्न मी केलं, संसार तिनं केला. आता रडाच्या वक्ती तिले बाजूले सारता आनं मले गाडीत घालून नेता? तिचा हक हाय तो. मी नाई घेत दुसरीचा हक."

देवराव खाटेवर बसला. उपरण्याने डोळे पुसायला लागला. त्याचा भाऊच होता तो, त्याला रडू येणारच. वच्छला उठली आणि आत गेली. गोदीच्या सुनेने मला कोपर मारलं. म्हणजे आता न्हाणीतून पाण्याचा आवाज येणार. मलाही तसंच वाटलं. बोलली तरी बाईच आहे, म्हटलं, आत जाऊन रडेल, पाणी घेईल.

आवाज आला तो भाकर थापण्याचा. मग तेलात मिरची तडतडली. आम्हाला बाहेर ठसका लागला. जीपवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. हातात स्टीलचा डबा होता, कडी लावलेला, गरम म्हणून फडक्यात धरलेला.

"झुनका-भाकर हाय. तिची चूल पेटली नसन आज."

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारचे, सोयरे जेवण नेतात, त्याला कडू घास म्हणतात. तो बाहेरच्यांनी न्यायचा असतो. ज्याला स्वतःलाच सुतक आहे त्याने तो द्यायचा नसतो, आणि हे लहान पोरालाही माहीत असतं. देवरावाला ते कळलं. तो डब्याकडे पाहत राहिला, हात पुढे करीना.

"वहिनी, मी कसा नेऊ हे? लोक इचारतीन, कोनं देल्लं?"

"सांगजा, नाचनगावच्या पापडवाल्या बाईनं देल्लं."

"वहिनी..."

"तिले म्हना, दोन घास खाय. भुकेल्या पोटी रडनं जमत नाई."

देवराव उठला. त्याने डबा घेतला, दोन्ही हातांनी. पायऱ्या उतरून अंगणात आला तेव्हा वच्छलाने त्याला मागून हाक मारली.

"भाऊजी, डबा आनून देजा. कामाचा हाय."

तो मान हलवून गेला. जीपमधल्या लोकांनी त्याला काहीतरी विचारलं, त्याने काहीतरी सांगितलं आणि डबा मांडीवर घेऊन तो बसला.

पुढच्याच महिन्यात माझा मुलगा मला वर्ध्याजवळ पिपरी मेघेला, त्याच्या घरी घेऊन आला. वच्छला त्यानंतर मला भेटली नाही, म्हणून मला ती आठवते ती त्या दिवशीची. जीप मागे सरकत होती आणि आमच्या गल्लीत धुळीशिवाय काही नव्हतं. आम्ही सगळ्या जीपकडे पाहत होतो. वच्छला पाहत नव्हती. ती दुसरी चादर घेऊन अंगणात ओणवी झाली होती आणि धूळ बसू नये म्हणून पापडांवर घाईघाईने पांघरूण घालत होती.